कोटावरचा बिल्ला

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरण्याआधी पक्षातल्या पक्षातच जुंपते. त्या पक्षांतर्गत निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. आणि घरची भांडणं किती बोचरी असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

ऑक्टोबर २००७. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या बराक ओबामांना आयोवा राज्यात विचारलं गेलं, कोटावर झेंड्याची पिन का नाही? ते म्हणाले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर मी लावायचो. पण पुढे ती खऱ्या देशभक्तीची जागा घेऊ लागली, म्हणून काढली. झालं! एप्रिल २००८ मध्ये फिलाडेल्फियातल्या वादसभेत एका मतदार बाईंनी चित्रफितीतून थेट विचारलंच, तुमची झेंड्यावर श्रद्धा आहे का? गंमत म्हणजे त्यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या कोटावरही पिन नव्हती. त्यांना कोण विचारणार?

पण मला खरी उत्सुकता वाटली ती पडद्यामागच्या एका कागदाची. हिलरींचे रणनीतीकार मार्क पेन यांनी मार्च २००७ मध्येच एक टिपण लिहिलं होतं. सूर असा, की ओबामांची मुळं अमेरिकेत पुरेशी रुजलेली नाहीत. उपाय काय? आपल्या भाषणांत, कार्यक्रमांत ‘अमेरिकन’ शब्द पेरा, मागच्या पडद्यावर झेंडे आणा, वाटायलाही झेंडे बनवा. ओबामांवर थेट आरोप मात्र करू नका. म्हणजे लेकी बोले सुने लागे! हिलरींनी तो सल्ला बराचसा बाजूला ठेवला, हे श्रेय त्यांच्या पदरात टाकायला हवं. टिपण छापून बाहेर आलं ऑगस्ट २००८ मध्ये, तोवर हिलरी शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या.

आणि पिन? ती मे महिन्यातच ओबामांच्या कोटावर परतली होती.