छोटासा दोष, मोठा निर्णय

मित्रांनो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात कुत्र्यावर लेख बघून दचकू नका. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठी सांभाळून घ्या. पण विषय आपल्याच क्वालिटी कंट्रोलचा आहे. वर्कशॉपमध्ये जॉब टॉलरन्सच्या बाहेर गेला की तो सरळ रिजेक्ट होतो. कुत्र्याच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही, कारण जॉबला पुढे पिल्लं होत नाहीत!

आमच्या सांगलीच्या घरी दोन वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, ब्राउनी. तिच्या बेंबीजवळ लहानपणापासून सुपारीएवढा मऊ फुगवटा आहे. हा बेंबीचा हर्निया. तिला त्याचा काहीच त्रास नाही. शेजारच्या काकांकडे देखणा नर आहे आणि "एकदा तरी पिल्लं होऊ द्या" असा त्यांचा आग्रह आहे. बाबा तयार, आई नाही. शेवटी निकाल माझ्यावर सोपवला. म्हणून मी तीन प्रश्न मांडले.

पहिला, दोष किती त्रासाचा? पोटातल्या पिल्लाची नाळ जिथून जाते ते भोक जन्मानंतर बंद व्हायला हवं. ते राहिलं तर आतली चरबी बाहेर डोकावते. भोक लहान असेल तर कित्येकदा काही महिन्यांत आपोआप बंद होतं. मोठं असेल तर त्यात आतडं अडकू शकतं आणि मग तातडीचं ऑपरेशन करावं लागतं. म्हणजे आईचा दोष छोटा असला तरी पिल्लातही तो छोटाच राहील याची गॅरंटी नाही.

दुसरा, तो पुढे कसा जातो? इथे स्कॉटलंडच्या कोली जातीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. या जातीत डोळ्याच्या आतल्या पडद्याचा एक जन्मजात दोष फार पसरलेला आहे. बहुतेकांची नजर शाबूत राहते, काही मात्र आंधळे होतात. दोष रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून सदोष जीन आला तरच दिसतो. दोन कॅरियर एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला धोका २५ टक्के. पण दोषी कुत्र्याची जोडी पूर्ण निर्दोष कुत्र्याशी लावली, तर सगळी पिल्लं कॅरियर होतात, दोषी एकही नाही. त्यासाठी डीएनए टेस्ट आहे. जीनमधला बिघाड २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून तिथे सगळे दोषी कुत्रे बाद करणं उलट घातक ठरेल. मोजकेच कुत्रे उरले की नात्यातल्या जोड्या वाढतात आणि दुसरेच लपलेले रोग वर येतात.

मग ब्राउनीलाही हाच न्याय का नाही? कारण बेंबीचा हर्निया अशा एका जीनवर बसवता येत नाही. तो बहुतेक वेळा आनुवंशिक मानतात, पण त्यात अनेक जीन्सचा हात असावा. खात्रीची टेस्ट नाही, त्यामुळे काकांचा नर वरून धडधाकट दिसला तरी आत काय आहे ते कळत नाही. "आधी ऑपरेशन करून घेऊ, मग पिल्लं" असं बाबा म्हणाले. पण ऑपरेशनने जॉब दुरुस्त होतो, ड्रॉइंग तेच राहतं.

तिसरा, ही पिल्लं हवीत कुणाला? लॅब्रॅडॉरची आपल्याकडे टंचाई नाही. ब्राउनीला पिल्लं झाली नाहीत म्हणून जातीचं काही अडणार नाही. सात-आठ पिल्लं झाली तर ती सात-आठ घरांत जाणार आणि ऑपरेशनचा खर्च त्या घरांवर पडणार. आपल्या देशात २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरलाही मादी किमान १८ महिन्यांची आणि डॉक्टरने निरोगी ठरवलेली असावी लागते. घरच्या कुत्रीसाठी आपण त्याहून ढिले का असावं?

तेव्हा माझा निकाल: पिल्लं नकोत. नसबंदी करतानाच हर्नियाही शिवून घ्यायचा. डॉक्टर दोन्ही एकाच भुलीत करतात. काकांना वाईट वाटेल, पण ते मी स्वतः त्यांना समजावून सांगणार आहे.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, नोकरी लागल्यावर पिल्लू घ्यायला गेलात तर नुसता चेहरा बघून भुलू नका. आधी त्याची आई दाखवायला सांगा. मग पिल्लाला उताणं करून बेंबीवरून हळूच बोट फिरवा. विकणारा कुरकुर करेल, करू दे!