प्रकाश कोरणारे हात

कासुर्डी मागे टाकून सोलापूरच्या दिशेने निघालं की यवत येतं आणि पुढे चौफुल्याहून आत वळलं की केडगाव. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणलेलं बायबल इथेच, मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. ते १९२४ साली बाहेर पडलं. रमाबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. अक्षरांचे खिळे जुळवले ते मिशनच्या आश्रमातल्या बायामुलींनी.

त्यांचे हात मनात आले की मला बायबलमधले प्रसंग छापण्यासाठी लाकडात कोरणारे हात आठवतात. नाव चित्रकाराचं होतं, डोळे मात्र कोरणाऱ्याचे शिणले.

या कामाला बॉक्सवुडचं लाकूड लागतं. झाड अगदी सावकाश वाढतं, म्हणून लाकूड घट्ट, पण बुंधा बारीक. खोडाच्या आडव्या कापावर कोरलं की रेघ कुठेही वळवा, तंतू उचकटत नाहीत. मोठ्या चित्रासाठी तुकडे जोडावे लागत. वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठोकळा ठेवायचा. हत्यार धरलेला हात फारसा हलत नाही, दुसऱ्या हाताने ठोकळाच फिरवायचा. कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. ठोकळ्याची उंची खिळ्यांएवढीच, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एका दाबात छापता येई. तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीव चित्राला वेगळं यंत्र लागे. बायबलची चित्रं साध्या घरांत पोचली ती या सोयीमुळे.

चित्रकार गुस्ताव डोरेचं सचित्र बायबल १८६६ साली फ्रान्समध्ये निघालं. त्यातलं प्रकाशाच्या निर्मितीचं चित्र भिंगाखाली धरावं. उजेड म्हणून जे दिसतं, ती खरं तर शेजारी शेजारी ओढलेल्या रेघांची दाटी. उजेडाकडे जाताना काळी रेघ केसाएवढी होते आणि मग विरून जाते. हात जरा घसरला तर आभाळावर ओरखडा. डोरेच्या चित्रांत एका कोपऱ्यात त्याची सही असते, दुसऱ्यात खोदणाऱ्याची. तिथे पिसान हे नाव वारंवार भेटतं. मी आता आधी तोच कोपरा बघते.

पुढे छायाचित्रावरून जस्ताचे ठसे निघू लागले आणि हा धंदा बसला.

छापताना डावं-उजवं पालटतं. म्हणून आशीर्वादाला उचललेला ख्रिस्ताचा उजवा हात ठोकळ्यावर डावा कोरावा लागे. केडगावच्या बायांपुढेही ओळी अशाच उलट्या असत. त्या त्यांनी एकेक खिळा उचलून जुळवल्या.