डोकं दुखतंय, पण बिघाड मानेत असेल तर?

मी राहतो द्वारका सर्कलजवळ, नाशिकमध्ये. मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड इथेच भेटतात, त्यामुळे ट्रॅफिक ठरलेलं. रिक्षा अडकली की आतल्या सगळ्यांच्या माना खाली, मोबाईलमध्ये. आजचा भाग त्या मानेवरच. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. वाचून जे समजलं ते सांगतोय.

आमच्या कामात एरर एका स्क्रीनवर दिसते आणि बग भलत्याच फाइलमध्ये सापडतो. डोकेदुखीचा एक प्रकार अगदी असाच आहे. त्याचं नाव सर्व्हायकोजेनिक हेडेक, म्हणजे मानेतून येणारी डोकेदुखी. नॉर्वेचे न्यूरॉलॉजिस्ट ओटार शोस्ताद यांनी १९८३ मध्ये हे नाव रूढ केलं.

आता हे होतं कसं? मानेच्या वरच्या तीन नसा मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथेच कपाळ आणि डोळ्यांकडची संवेदना आणणारी नसही येते. दोन वायरी, पोर्ट एकच! सिग्नल नक्की कुठून आला हे मेंदूला कळत नाही. दुखावलेला असतो मानेचा सांधा आणि ठणकतं डोळ्याच्या मागे.

ओळखायचं कसं? दुखणं बहुतेक एकाच बाजूला असतं. मानेतून सुरू होऊन पुढे सरकतं. मान वळवली की वाढतं आणि मान नेहमीइतकी वळतही नाही. पण थांबा, मायग्रेनमध्येही मान दुखते. मळमळ होत असेल, उजेड सहन होत नसेल, तर मायग्रेनची शक्यता जास्त. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

मग मोबाईलचं काय? डोक्याचं वजन साधारण ५ किलो. २०१४ मधल्या एका गणितानुसार मान ६० अंश वाकवली की मणक्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो. हा आकडा खूप फिरला, पण तो कॉम्प्युटर मॉडेलचा आहे, माणसांवर मोजलेला नाही. मान वाकवणं हा काही गुन्हा नाही. तासन् तास एकाच स्थितीत बसणं टाळा. अर्ध्या तासाने उठा, खांदे फिरवा.

दोन गोष्टी मात्र नकोच. पहिली, रोजची पेनकिलर. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊ शकते. दुसरी, सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं. क्वचित होतं, पण त्यातून स्ट्रोक येऊ शकतो. सरळ सांगा, ‘दादा, मान राहू द्या.’

एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली म्हणून लगेच घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्यांमध्येही ती दिसते. उपचारात फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेच्या आतल्या स्नायूंचे आणि खांद्यांचे व्यायाम महत्त्वाचे. ते काही आठवडे नेमाने करावे लागतात.

आणि हे लक्षात ठेवाच. अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, हातापायांत कमजोरी आली, बोलणं अडखळलं, दिसायला त्रास झाला किंवा मार लागल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर व्यायाम नाही, गुगल नाही. थेट हॉस्पिटल.

घरात कुणी रोज गोळी घेऊन दिवस ढकलत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटूया पुढच्या भागात!