कार्बोरेटरचे रबर आणि टू-स्ट्रोक इंजिनाचे आयुष्य

टू-स्ट्रोक मोटारसायकलमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तयार करणारा कार्बोरेटर आणि ते मिश्रण ओढून घेणारे इंजिन यांच्यामध्ये बोटभर लांबीची एक रबरी नळी असते. तिचे एक टोक धातूच्या चकतीला भट्टीतच चिकटवलेले असून ती चकती बोल्टने इंजिनावर आवळली जाते, तर दुसऱ्या टोकात कार्बोरेटरचे तोंड बसवून वरून क्लिप कसली जाते. नांदेड आणि लातूरच्या गॅरेजांत या भागाला सरळ ‘कार्बोरेटरचे रबर’ म्हणतात. त्याचे काम दुहेरी आहे: इंजिनाची थरथर आणि उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोहोचू न देणे, आणि कार्बोरेटरने मोजून दिलेल्या हवेखेरीज दुसरी हवा आत शिरू न देणे. यातले पहिले काम बिघडले तर गाडी कुरकुरते. दुसरे बिघडले तर इंजिन मरते, आणि तेही बहुतेक वेळा रबराचा संशय कोणाला येण्याच्या आधीच.

या दोन जिल्ह्यांत हा विषय जुना झालेला नाही, याचे कारण रस्त्यावर अजून टिकून असलेल्या टू-स्ट्रोक गाड्या. किनेटिकची लूना, बजाजचे चेतक आणि एम-80, एस्कॉर्ट्सची राजदूत या वाहनांनी मराठवाड्यातील दूध, भाजी, खत आणि माणसे कित्येक वर्षे वाहून नेली. त्यातल्या बहुतेक आता दिसेनाशा झाल्या असल्या, तरी यामाहाच्या तांत्रिक सहकार्याने एस्कॉर्ट्सने 1985 मध्ये बाजारात आणलेली आणि 1996 मध्ये उत्पादन थांबलेली आरएक्स 100 मात्र एमएच-24 आणि एमएच-26 या पाट्या मिरवत आजही फिरते. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे आज कायदेशीरपणे धावणारी प्रत्येक आरएक्स 100 या नूतनीकरणातून एकापेक्षा अधिक वेळा गेलेली आहे. अशा गाडीवरचे रबर मूळचे असेल तर त्याचे वय तिशीच्या आसपास असते, आणि रबर या पदार्थासाठी ते फार मोठे वय आहे.

रबर झिजते असे आपण म्हणतो, पण हे रबर घासले जात नसल्यामुळे ते झिजण्यापेक्षा कडक होते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांना गंधकाचे दुवे जोडून लवचीकपणा आणलेला असतो. उष्णता आणि प्राणवायू यांच्या संगतीत हे दुवे वर्षानुवर्षे वाढत जातात, साखळ्या एकमेकींना अधिकाधिक जखडून टाकतात आणि पदार्थ वाकण्याऐवजी तडकू लागतो. हवेतील अत्यल्प ओझोन हे काम ताणलेल्या जागी सर्वांत आधी करतो, त्यामुळे पहिल्या चिरा नेहमी नळीच्या वळणावर किंवा क्लिपच्या कडेला उमटतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांच्या पुढे जातो, उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा धातू त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि इंजिनाची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. शेडमध्ये वर्षानुवर्षे न चालवता झाकून ठेवलेल्या गाडीचे रबरही यातून सुटत नाही. ते अनेकदा चालत्या गाडीच्या रबराहून अधिक ठिसूळ निघते.

चिरेतून शिरणाऱ्या हवेचा परिणाम टू-स्ट्रोक इंजिनावर इतका घातक का होतो, हे समजण्यासाठी त्याची रचना लक्षात घ्यावी लागते. या इंजिनात पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पोकळीत, दाब कमी होतो आणि मिश्रण रबरातून, पुढे रीड व्हॉल्व्हच्या पातळ पात्यांमधून आत ओढले जाते. बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि सिलिंडर यांना याच मिश्रणातून तेल मिळते आणि याच मिश्रणातील पेट्रोल वाफ होताना इंजिनाची उष्णता शोषून घेते. आरएक्स 100 मध्ये तेलासाठी स्वतंत्र पंप दिलेला असला, तरी अनेक गाड्यांत तो काढून टाकून लिटरमागे 20 ते 30 मिलिलिटर तेल थेट टाकीत मिसळण्याची पद्धत रूढ आहे. अशा गाडीत पेट्रोल कमी पडले की तेलही त्याच प्रमाणात कमी पडते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, अशा विरळ मिश्रणाच्या ज्वालेचे तापमान वाढते, थंडावा घटतो आणि वंगण तुटते. तीन संकटे एकाच चिरेतून एकाच वेळी येतात.

पुढे जे घडते ते पिस्टन हातात घेऊन पाहिल्यावर स्पष्ट कळते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडरची आतली नळी बिडाची असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. आरएक्स 100 चा पिस्टन 50 मिलिमीटर व्यासाचा असून तो आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. असा पिस्टन 100 अंशांनी अधिक तापला तर त्याचा व्यास सुमारे 0.11 मिलिमीटरने वाढतो, आणि सिलिंडर तितकाच तापला असला तरी त्याचा व्यास जेमतेम 0.055 मिलिमीटरने वाढतो. राहिलेली फट तिथेच संपते. मग तेलाचा पातळ थर फाटतो, ॲल्युमिनियम बिडावर घासून चिकटते आणि मिस्त्रींच्या भाषेत ‘पिस्टन धरतो’. खोललेल्या पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूवर उभे, चांदीसारखे चमकणारे ओरखडे दिसतात, कारण ती बाजू सर्वांत तापलेली असते आणि ताज्या मिश्रणाचा थंडावा तिला सर्वांत कमी मिळतो. माथ्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, तर स्फोटासारख्या अवेळी ज्वलनानेही हातभार लावला आहे हे ओळखावे.

इथल्या हवामानात हा दोष एका विलक्षण रीतीने लपतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे कार्बोरेटरचे मिश्रण आपोआप थोडे दाट होते आणि चिरेतून येणाऱ्या जादा हवेची भरपाई होऊन जाते. गाडी बरी चालते आणि मालक निर्धास्त राहतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीच हवा 42 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 11 टक्क्यांनी अधिक घन झालेली असते, मात्र कार्बोरेटरमधून उचलले जाणारे पेट्रोल साधारण त्याच्या निम्म्यानेच वाढते. भरीला चीर असतेच. लातूर बालाघाटाच्या पठारावर, तर नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात त्याहून बरेच खाली आहे. या दोन शहरांमधला चाकूर, अहमदपूर, लोहा असा सुमारे 140 किलोमीटरचा रुंद, सरळ महामार्ग पहाटेच्या गारव्यात पूर्ण रेसवर तुडवणाऱ्या जुन्या गाडीसाठी ही सगळी कारणे एकत्र येतात. त्यातही सर्वांत धोक्याचा क्षण पूर्ण वेगाचा नसून उतारावर रेस एकदम सोडल्याचा असतो: इंजिन अजून जोरात फिरत असते, कार्बोरेटर मिटलेला असतो, त्यामुळे ओढ सगळी चिरेवर येते आणि पेट्रोल-तेलाशिवाय कोरडी हवा आत जाते.

थंड हवा आणि फाटलेले रबर ही जोडी धास्तीने ओळखली जाते ती विशेषतः बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये. जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी क्युबेकमधील व्हालकूर येथे 1959 मध्ये स्की-डू हे हलके वाहन आणले, आणि पुढे या यंत्रांत अनेक दशके टू-स्ट्रोक इंजिनेच प्रामुख्याने वापरली गेली. उणे 20 अंशांची हवा नांदेडच्या मे महिन्यातील हवेपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने घन असते, त्यामुळे तिथे बारीक चीरही लपून राहत नाही. मात्र दोन सिलिंडरच्या अशा इंजिनाला सहसा दोन कार्बोरेटर आणि दोन रबरे असतात. एक रबर फाटले तर एकच सिलिंडर उपाशी राहतो आणि दुसरा त्याचा भार उचलत राहिल्याने चालकाला उशिरा कळते. एकाच सिलिंडरच्या आरएक्सला ही अडचण नाही, हे तिच्या मालकांचे सुदैव आहे.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलच बदलले आहे. फेब्रुवारी 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आले आणि आता ते सर्वत्र मिळते. त्यासाठीचे काही इथेनॉल ज्या उसापासून बनते तो ऊस मांजरेच्या आणि गोदावरीच्या काठीही पिकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे, पण 1996 पूर्वीच्या इंजिनासाठी त्याचे दोन परिणाम संभवतात. इथेनॉलच्या वजनाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग प्राणवायूचा असल्यामुळे कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे जेट तेच ठेवले तर मिश्रण आणखी विरळ होते, आणि जुन्या काळच्या रबराला इथेनॉल मानवत नसल्याने रबर फुगणे, मऊ पडणे किंवा नंतर आक्रसणे घडू शकते. इंधन तेच राहणार असल्याने जुन्या गाडीचे रबर आणि जेट यांच्याकडेच अधिक काळजीने पाहावे लागेल.

लक्षणे ओळखीची आहेत. रेस सोडल्यावर आवाज खाली न येता वरच अडकतो, गार इंजिन लवकर सुरू होत नाही, कार्बोरेटरमधून उलटा फटका बसतो, प्लगचे टोक चॉकलेटी न दिसता पांढुरके, कोरडे दिसते. यावर सर्वाधिक होणारा इलाज म्हणजे स्क्रू फिरवून रेस खाली आणणे, आणि हा इलाज सर्वांत घातक आहे, कारण तो लक्षण पुसतो आणि दोष आत ठेवतो. चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे किंवा एम-सील थापणे हेही त्याच जातीचे. पेट्रोलच्या आणि थरथरीच्या माऱ्यात असा लेप टिकत नाही, आणि त्याचा तुकडा सुटून रीड व्हॉल्व्हच्या पात्यात अडकला तर नवेच दुखणे सुरू होते. गाडी ‘हवा घेते’ असा संशय आल्यावर स्क्रूला हात लावण्याआधी रबर उतरवून उजेडात अंगठ्याने वाकवून पाहावे, कारण सरळ ठेवलेल्या रबरात न दिसणारी चीर वाकवल्यावर तोंड उघडते. धातूच्या चकतीला रबर जिथे चिकटवलेले असते तो जोड मुद्दाम तपासावा. बाहेरून धडधाकट दिसणारे रबर तिथेच आतून सुटलेले असते. चालू इंजिनावर जोडाभोवती साबणाचे पाणी फवारल्यास चीर क्षणभर बुजून आवाज बदलतो. हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून घेण्याची सवय काही ठिकाणी आहे, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ती आगीला आमंत्रण देणारी असल्याने सोडून द्यावी.

शंका उरलीच तर कार्बोरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड बंद करून हातपंपाने इंजिनात पाच-सहा पौंडांचा दाब भरतात आणि काही मिनिटे काटा उतरतो का ते पाहतात. रबर नवे असूनही दाब उतरत असेल तर हवा क्रँकच्या टोकावरील ऑइल सीलमधून जात आहे असे बहुधा निघते, आणि ठिणगीची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोच्या बाजूचे सील त्यात आधी तपासण्यासारखे असते. नवे रबर घेताना ते नखाने दाबले जाते का, चकतीचा पृष्ठभाग सपाट आहे का आणि नळीचे तोंड कार्बोरेटरवर सैल तर होत नाही ना, एवढे दुकानातच पाहावे. बाजारात मिळणारी काही नकली रबरे पहिल्या उन्हाळ्यातच कडक होतात. बसवताना क्लिप जास्त आवळल्यास तिची कड रबरात रुतून चिरेची सुरुवात तिथूनच होते. आणि आधी दोष लपवण्यासाठी फिरवलेले स्क्रू किंवा वाढवलेले जेट मूळ मापावर आणून, प्लगचा रंग पाहत, गाडीची जुळणी नव्याने करावी लागते.