भंडारा : तलावांच्या आधाराने घडलेला जिल्हा

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेजवळ वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला भंडारा जिल्हा धानाचा, म्हणजेच भाताचा, जिल्हा म्हणून ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १२,००,३३४ इतकी नोंदली गेली असून त्यांपैकी सुमारे चार पंचमांश लोक खेड्यांत राहतात. भंडारा, तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी आणि लाखांदूर हे त्याचे सात तालुके होत. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला, तरी दोन्ही भागांची शेती, बोली आणि लोकरीती एकाच झाडीपट्टीची आहे. वैनगंगेच्या काठच्या या वनमय पट्ट्याला हे नाव तेथील दाट जंगलामुळे मिळाले.

या भूमीतील वस्ती फार जुनी आहे. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर विशाल बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. स्तूपाच्या दगडी कठड्याचे कोरीव खांब आणि त्यांवरील ब्राह्मी लिपीतील दानलेख पाहता, दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी दान देण्याइतकी संपन्नता असलेले नगर नांदत होते, हे निश्चित म्हणता येते. या नगराभोवती मातीची तटबंदी आणि खंदक होता, आणि पुढील काळात त्या तटाला दगडी बांधणीची जोड मिळाली. आज पवनी नदीकाठच्या घाटांसाठी आणि मंदिरांसाठी ओळखली जाते, आणि जवळच रुयाड येथे उभारलेल्या नव्या महास्तूपामुळे बौद्ध यात्रेकरूंची पावले पुन्हा या परिसराकडे वळली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक भंडारा मतदारसंघातूनच लढवली होती. तीत त्यांचा पराभव झाला, तरी जिल्ह्याच्या सामाजिक स्मृतीत त्या निवडणुकीचे स्थान आजही मोठे आहे.

मध्ययुगात हा प्रदेश गोंड राजांच्या सत्तेखाली होता. तुमसरजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला आंबागड हा किल्ला देवगडचा राजा बख्त बुलंद याच्या राजाखान पठाण नावाच्या सरदाराने इसवी सन १७०० च्या सुमारास बांधल्याचे सांगितले जाते. पुढे भोसल्यांचे राज्य आले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर जिल्हा इंग्रजी अमलाखाली गेला. तथापि किल्ले आणि स्तूप यांच्या यादीत जिल्ह्याचे खरे वैभव मावत नाही. येथील सर्वांत मोठे वास्तुशिल्प मातीचे आहे आणि ते शेकडो गावांच्या शिवारात विखुरलेले आहे.

हे वास्तुशिल्प म्हणजे तलाव. पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव असून, मालगुजारांच्या, म्हणजे इंग्रजकाळातील गावमालकांच्या, ताब्यात असल्यामुळे त्यांना माजी मालगुजारी तलाव, अथवा त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून मामा तलाव, असे म्हटले जाते. त्यांतील बहुतेकांची बांधणी मालगुजारीच्याही आधीची, गोंड राजवटीतील आहे. जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन इनाम द्यावी, असे गोंड राजांचे धोरण होते, आणि त्याचा सर्वाधिक उपयोग कोहळी समाजाने करून घेतला. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांना सोबत आणले, अशी आख्यायिका आहे. तिचा पुरावा देणे कठीण असले, तरी तलाव बांधणे आणि ऊस पिकवणे या दोन विद्यांत या समाजाचा हातखंडा होता, याविषयी इंग्रजकालीन अधिकाऱ्यांनीही स्पष्ट लिहून ठेवले आहे. सध्या गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. दोन टेकड्यांमधील खिंडी मातीच्या बांधाने बुजवून एवढे पाणी अडवणाऱ्या त्या माणसांकडे कोणतेही मोजणीयंत्र नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या नजरेचा थोरपणा कळतो.

तलावाची रचना समजून घेण्यासारखी आहे. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घातला जातो, त्याला गावात पार म्हणतात. पाणी सोडण्यासाठी पारीच्या आतल्या बाजूला तुडूम असते. हे तुडूम म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे असलेले बांधकाम होय. पाण्याची पातळी उतरेल तसतशी खालची छिद्रे उघडली जातात, त्यामुळे पाणी आपल्या उताराने, कोणत्याही इंजिनाविना, शेतापर्यंत पोहोचते. जास्तीचे पाणी पार न फोडता बाहेर पडावे यासाठी एका टोकाला सलंग, म्हणजे सांडवा, ठेवलेला असतो. एका तलावाच्या सलंगेचे पाणी नाल्याने पुढच्या गावच्या तलावात उतरते, आणि अशी तलावांची साखळी जंगलापासून नदीपर्यंत जाते. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीतील लहान तळ्यांना बोडी म्हणतात. तलाव, बोडी आणि बांध्या, म्हणजे पाणी साठवून ठेवण्यासाठी चारी बाजूंनी धुरे घातलेली धानाची शेते, मिळून ही व्यवस्था पूर्ण होते.

येथे पाऊस कमी नाही. साधारणपणे वर्षाला हजार ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, मग तलावांची गरज का भासावी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर धानाच्या वेळापत्रकात आहे. जूनमध्ये परे टाकले जातात, म्हणजे रोपवाटिका लावली जाते, आणि जुलैत पाणी भरलेल्या बांध्यांत रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, होतो. धान लोंबीवर येते त्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मान्सून माघार घेतो आणि नेमके त्याच वेळी आठ-दहा दिवसांचा खंड पडला, तर सबंध हंगाम हातचा जातो. तलावाचे पाणी ही उणीव भरून काढते, म्हणूनच त्याला संरक्षक सिंचन म्हणावे लागते. धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळी, जवस यांसारखी पिके घेतली जातात, आणि तलाव आटू लागला की ढिवर समाजाची मासेमारी जोर धरते. शिंगाडा, कमळकंद आणि मरळीसारखे मासे हे या समाजाचे उपजीविकेचे साधन होते आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या रूपाने आजही काही अंशी आहे. गुरांना पाणी, धुणे, गावच्या विहिरींचे झरे, हे सर्व याच एका जलाशयावर अवलंबून असते.

ही व्यवस्था न्याय्य होती असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. इंग्रजांनी १८६० च्या दशकातील बंदोबस्तात गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलाला गावाची मालकीच बहाल केली, आणि असा मालगुजार सारा भरून उरलेले स्वतःकडे ठेवत असे. तलावाची डागडुजी तो करवून घेत असे, पण त्यासाठी लागणारे श्रम बहुधा कुळांचे आणि मजुरांचे असत, आणि त्यांतील बरेचसे विनामोबदला असत. १९५० च्या कायद्याने त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात मालगुजारी संपली, हा सामाजिक न्यायाचा मोठा टप्पा होता. त्याच कायद्याने तलाव सरकारच्या मालकीचे झाले आणि येथून पुढचा प्रश्न निर्माण झाला. पाण्यावरील लोकांचे परंपरागत हक्क निस्तार पत्रक या दप्तरात नोंदवलेले होते. निस्तार म्हणजे गावकऱ्यांना दैनंदिन गरजांसाठी जंगल, पाणी आणि चराई वापरण्याचा हक्क. नवी मालकी पाटबंधारे खाते आणि जिल्हा परिषद यांच्यात विभागली गेली, परंतु पार दुरुस्त करणारी, तुडूम उघडणारी आणि पाण्याची वाटणी ठरवणारी गावची यंत्रणा कोणाकडेच उरली नाही. हीच खरी हानी आहे. तलाव गाळाने उथळ झाले, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली, बेशरम ही परदेशी वनस्पती काठांवर माजली.

गेल्या काही वर्षांत गाळ काढण्याच्या योजना आल्या आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण यंत्राने तलावाच्या मध्यभागी खोल खड्डा खणला, तर त्यात साठलेले पाणी तुडुमाच्या खालीच राहते आणि शेतापर्यंत जात नाही. माशांना विणीसाठी लागणारी उथळ काठाची जागा आणि तेथील देशी पाणवनस्पती नाहीशा होतात. या प्रश्नावर भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला, विशेषतः स्त्रियांना, बरोबर घेऊन केलेले काम मोलाचे आहे. बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावणे हे वरवर साधे काम वाटते, पण त्यामागे तलाव हा जिवंत अधिवास आहे ही समज आहे.

तलावांवर पिकणाऱ्या धानाच्या वेळापत्रकाशी येथील लोकजीवनही बांधलेले आहे. धान कापणीच्या सुमारास, दिवाळीनंतर, गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे एकाच वेळी बाजार, जत्रा आणि नातेवाइकांची भेट. रात्री दंडार किंवा खडी गंमत यांसारखी लोकनाट्ये होतात आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकांचा हंगामही याच वेळी सुरू होतो, ज्याचे मुख्य केंद्र शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे आहे. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने तिची दखल राज्यभर घेतली गेली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आणि तिच्या साहित्य चळवळीला दिलेले आयुष्य हेही या भागाच्या आत्मभानाचेच रूप आहे.

पुन्हा पाण्याकडे वळायचे तर, आज जिल्ह्यातील त्याचे चित्र गोसीखुर्द धरणाने बदलले आहे. पवनीजवळ वैनगंगेवर उभारलेल्या या प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्यामुळे सिंचन वाढले, पण अनेक गावे विस्थापित झाली, आणि नागपूरच्या नागनदीचे सांडपाणी कन्हान नदीमार्गे या जलाशयात येत असल्याने नदीकाठच्या लोकांना दूषित पाण्याचा त्रास सोसावा लागतो. मोठे धरण आणि गावचा तलाव यांत एकाचीच निवड करण्याचे कारण नाही, परंतु धरणाच्या कालव्याचे पाणी ज्या उंचावरील गावांपर्यंत पोहोचत नाही, तेथे तलावच आधार आहे. म्हणून तलावाच्या दुरुस्तीची निविदा निघण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेत निस्तार पत्रक वाचले जावे, तुडूम आणि सलंग कोठे आहेत हे ढिवर व शेतकरी यांच्याकडून जाणून घ्यावे आणि मगच खोदकामाची मोजणी व्हावी, एवढी मागणी पूर्व विदर्भातील प्रत्येक ग्रामपंचायतीने आता लेखी स्वरूपात करायला हवी.