गंगाखेडच्या उद्योजिकेला दहा टक्के कमी का?

2025च्या जुलैत मंत्रिमंडळाने 10 जिल्ह्यांत 'उमेद मॉल' मंजूर केले, तेव्हापासून बचत गटांच्या मालाला हक्काची बाजारपेठ मिळणार, अशी चर्चा आहे. ती आनंदाचीच. पण 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान. मराठवाड्यातल्या गंगाखेडला नगरपरिषद आहे, म्हणजे सरकारी कागदावर ते शहर. ही हद्दीची रेघ इथल्या उद्योजिकेला फार महागात पडते.

अनुदानाचाच हिशेब पाहा. गंगाखेड तालुक्यातल्याच राणीसावरगाव या खेड्यातल्या एखाद्या बाईने गणवेश शिवण्याचा 5 लाखांचा उद्योग मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उभा केला, तर अनुदान 35 टक्के, म्हणजे 1 लाख 75 हजार. तीच यंत्रे गंगाखेड शहरात बसवली, तर 25 टक्के, म्हणजे 1 लाख 25 हजार. केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातही हाच फरक आहे. स्वतःचे 5 टक्के दोघींनीही घालायचे. शहरातलीच्या डोक्यावर मात्र 50 हजारांचा जादा बोजा. मुद्रा योजनेच्या शिशू गटातले सर्वांत मोठे कर्ज तेवढेच असते.

शहराला बाजार जवळ, म्हणून अनुदान कमी, हे पुण्याला शोभेल. गंगाखेडचा बाजार भोवतालच्या खेड्यांच्या जिवावर चालतो. सोयाबीन-कापूस हातचा गेला की इथल्या दुकानातही गिऱ्हाईक फिरकत नाही. लाडक्या बहिणींना 1500 रुपये देताना सरकारने गाव-शहर पाहिले नाही, मग धंदा उभा करणाऱ्या बाईलाच ही चाळणी कशासाठी?

पापड, मसाले, लोणची करणाऱ्यांना एक वाट आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या प्रधानमंत्री योजनेत गाव असो की शहर, 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान मिळते. स्वतःचा हिस्सा मात्र 10 टक्के. शिवणकाम करणारीला या योजनेचा उपयोग नाही. आणि हे ध्यानात ठेवा: सूक्ष्म-लघु उद्योगाच्या 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारण नाही म्हणून कोणी कर्ज नाकारलेच, तर नकार लेखी घ्या.

केंद्राचे नियम बदलायला वेळ लागेल. मुख्यमंत्र्यांच्या नावाचा कार्यक्रम तर राज्याचाच आहे. छोट्या नगरपरिषदांच्या हद्दीतल्या महिलांनाही 35 टक्के द्यायला एक शासन निर्णय पुरेसा आहे. मराठवाड्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तो मागावा.