गाडी थांबते कां?

आमच्या लोहाऱ्याच्या घरीं वडिलांच्या तरुणपणची एक जावा मोटारसायकल आहे. म्हैसूरचा तिचा कारखाना १९६१ सालीं सुरू होऊन १९९६ सालीं बंद पडला. तेव्हां तिला आतां माहेर उरलेलें नाहीं!

गेल्या उन्हाळ्यांत तिनें नवाच छंद धरला. सास्तूरच्या वाटेवर तीन-चार किलोमीटर सुरळीत धावावें आणि मग गुदमरून थांबावें. घटकाभर विसांवा मिळतांच पुन्हां सुरू! "पिस्टन तापून धरतो, इंजिन उघडावें लागेल," असा मिस्त्रींचा कौल पडला. खर्च ऐकून ती भंगारांत काढण्याचें बोलणें निघालें. वडील मात्र कांहींच बोलले नाहींत.

इंजिनाला दाब, ठिणगी आणि हवेसह पेट्रोल, या तीन गोष्टी लागतात. त्या एकेक करून तपासावयाचें मीं ठरविलें. गाडी थांबतांच किक मारून पाहिली. ती फिरली व दाबही लागला. म्हणजे पिस्टन धरलेला नव्हता. प्लगची ठिणगी निळी व ठळक होती. शेवटीं कार्बुरेटरची नळी काढून बाटलींत धरली. पेट्रोल थेंब थेंब येई. टाकीचें झाकण उघडलें मात्र, धार लागली!

झाकणाला हवेसाठीं सूक्ष्म छिद्र असतें, तें धुळीनें बुजलें होतें. पेट्रोल खालीं जाई, पण त्याची जागा घ्यावयास हवा आंत येईना. म्हणून प्रवाह अडे. सुईनें छिद्र मोकळें केलें, आणि वडील त्याच सायंकाळीं सास्तूरला जाऊन आले.

रोग कळण्यापूर्वीं शस्त्र उचलूं नये, हा नियम यंत्राच्या वैद्यासही लागू आहे.